ताण, मेंदूतील जाळी आणि पोटातील जुनाट वेदना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट, आतडी, मूत्राशय किंवा ओटीपोट वर्षानुवर्षे दुखत राहते, तपासण्यांमध्ये त्या दुखण्याच्या प्रमाणात काही सापडत नाही, आणि ताण वाढला की दुखणेही वाढते, असा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. ही माहिती तपासणीची किंवा वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

आंतरिक अवयवांची जुनाट वेदना कशाला म्हणतात?

छाती, पोट आणि ओटीपोट यांच्या पोकळीतील अवयवांमधून येणारी, किंवा तिथून येत असल्याचे जाणवणारी वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली अथवा या काळात पुन्हा पुन्हा उद्भवत राहिली, तर ती जुनाट मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, तिला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. आतड्याचा दाहक आजार किंवा स्वादुपिंडाची जुनाट सूज यांसारख्या ठळक कारणामुळे होणारी वेदना तिथे दुय्यम ठरते, तर जिथे वेदना हाच मुख्य आजार आहे तिथे ती प्राथमिक म्हटली जाते. पोटदुखीबरोबर शौचाच्या सवयीही बिघडणारा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हे प्राथमिक प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण आहे, आणि पुढील उत्तरांतील बहुतेक संशोधन त्याच्यावरच झालेले आहे.

व्यवहारात मात्र ही विभागणी इतकी काटेकोर राहत नाही. आतड्याच्या दाहक आजारातील सूज औषधांनी पूर्ण शमल्यानंतरही सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये आयबीएससारखी लक्षणे शिल्लक राहतात, म्हणजे कारण निघून जाते आणि वेदना मागे राहते.

पोटातले दुखणे नेमके कुठे आहे, हे बोटाने दाखवता का येत नाही?

कारण त्या भागातील चेतातंतूंची रचनाच तशी आहे. कातडीकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंच्या तुलनेत आंतरिक अवयवांकडून जाणारे तंतू फारच थोडे आहेत, आणि एकेक तंतू मज्जारज्जूत वरखाली बऱ्याच लांबीवर पसरतो. शिवाय कातडी व स्नायूंकडून येणारे संदेश ज्या चेतापेशींवर पोहोचतात त्यांच्यावरच अवयवांचे संदेशही येऊन पडतात, त्यामुळे मेंदू उगमाचे ठिकाण चुकीचे लावतो. हृदयाची वेदना डाव्या हातात जाणवणे, श्वासपटलाखालच्या दाहामुळे खांदा दुखणे, अपेंडिक्सच्या दुखण्याची सुरुवात बेंबीभोवती होणे, ही सगळी याच रचनेची उदाहरणे होत.

या अवयवांना कापण्यापेक्षा ताणले जाण्याची, रक्तपुरवठा तुटण्याची आणि दाहाची जाणीव अधिक असते. आतड्यात वायू साठून भिंत ताणली गेली की कळ येते ती यामुळेच.

सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. मग हे मनाचे खेळ आहेत का?

नाही. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी या गाठ, व्रण, सूज किंवा अडथळा शोधतात. चेतातंतू किती सहज चेततात आणि मज्जारज्जू व मेंदू त्यांचे संदेश किती वाढवून घेतात, हे त्यांत दिसतच नाही. १९७३ मध्ये जेम्स रिची यांनी मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात फुगा ठेवून तो थोडा थोडा फुगवला, तेव्हा निरोगी व्यक्तींपैकी फारच थोड्यांना ज्या आकारमानाला वेदना झाली, त्याच आकारमानाला आयबीएसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना झाली. आतड्याची भिंत दोन्ही गटांत दिसायला सारखीच होती. या वाढलेल्या संवेदनशीलतेवर पुढे असंख्य प्रयोग झाले, आणि ती सर्व रुग्णांत नसली तरी त्यांच्या मोठ्या गटात असते हे निश्चित झाले.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. प्रत्यक्ष किंवा संभाव्य ऊतिहानीशी निगडित असलेला, अथवा तशा हानीशी निगडित अनुभवासारखा असलेला, अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव म्हणजे वेदना, असा तिचा आशय आहे. हानी सापडलीच पाहिजे अशी अट या व्याख्येत नाही. या आजारांना पूर्वी कार्यात्मक म्हटले जाई. त्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा काल्पनिक असा लावला गेल्यामुळे २०१६ च्या रोम निकषांनी, म्हणजे या आजारांच्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी, त्यांना आतडे आणि मेंदू यांच्यातील परस्परक्रियेचे विकार असे नाव दिले. नाव बदलल्याने उपचार बदलत नाहीत हे खरे, पण रुग्णाला खोटे ठरवण्याची सवय कमी होण्यास त्याची मदत झाली, असे वाटते.

मग तपासण्या कराव्यातच कशाला?

दुसरे गंभीर कारण नाही याची खात्री करण्यासाठी त्या आवश्यक असतात. कारण नसताना वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, रक्तक्षय, ताप, पोटात गाठ लागणे, झोपेतून जागे करणारे दुखणे किंवा जुलाब, पन्नाशीच्या सुमारास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेली लक्षणे, आणि घराण्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याचा दाहक आजार असणे, यांपैकी काहीही असेल तर ताणाकडे बोट दाखवून थांबू नये. एकदा नीट तपासणी झाल्यावर मात्र नवे लक्षण नसताना त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करण्यातून सहसा काही हाती लागत नाही, आणि प्रत्येक वेळी धास्तीचा एक नवा काळ तेवढा सुरू होतो.

मेंदूतील जाळे म्हणजे काय?

मेंदूत वेदनेचे केंद्र म्हणता येईल असे एकच ठिकाण नाही. एकमेकांपासून दूर असलेल्या भागांच्या कार्यात एकाच तालात चढउतार होतात, आणि असे बरोबर काम करणारे भाग मिळून जे तयार होते त्याला जाळे म्हणतात. कार्यात्मक एमआरआय या तंत्राने रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून हे ताल मोजता येतात. व्यक्ती काहीही न करता नुसती पडून असतानाही ही जाळी कार्यरत असतात, ही गोष्ट संशोधकांनाही सुरुवातीला अनपेक्षित होती.

जुनाट पोटदुखीत कोणती जाळी महत्त्वाची ठरतात?

प्रथम संवेदनेचे जाळे. अवयवांकडून आलेले संदेश मज्जारज्जू व मेंदूस्तंभातून थॅलॅमस या मेंदूतील मधल्या थांब्यात आणि तिथून इन्सुला या भागाच्या मागच्या बाजूला, तसेच शरीर-संवेदनेच्या पट्ट्यात पोहोचतात. शरीराच्या आतल्या स्थितीची पहिली नोंद इथे होते. वेगस ही चेता हा दुसरा मोठा मार्ग. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून आदेश नेणारे नसून शरीराकडून मेंदूकडे बातमी आणणारे असतात. या बातम्यांपैकी बहुतेक आपल्याला कधीच जाणवत नाहीत. आतडी दिवसभर हलतात, ताणली जातात, आकुंचन पावतात, आणि आपण आपल्या कामात असतो.

त्यातले काय जाणवावे हे ज्याच्यावर अवलंबून असते त्याला दखल घेणारे जाळे म्हणता येईल. इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट पट्ट्याचा पुढचा-मधला भाग हे त्याचे मुख्य घटक असून २००७ मध्ये विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी त्याचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. या क्षणी शरीरासाठी सर्वांत महत्त्वाचे काय आहे, याचा निवाडा हे जाळे करते आणि त्यानुसार बाकीच्या जाळ्यांना कामाला लावते. पोटातील एखादी हालचाल इथे महत्त्वाची ठरली की ती जाणिवेत येते, लक्ष तिच्याकडे वळते आणि शरीर सावध होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील एमरन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएसचे जे चित्र अनेक वर्षांच्या कामातून मांडले आहे, त्यात या जाळ्याला मध्यवर्ती स्थान आहे.

त्याला जोडूनच भावनिक उद्दीपनाचे जाळे येते. धोका हेरणारा अमिग्डला, ताणाचा प्रतिसाद सुरू करणारा हायपोथॅलॅमस, मेंदूस्तंभातील लोकस सेरुलियस हा भाग आणि सिंग्युलेटचा कपाळाकडील खालचा भाग त्यात मोडतात. मलाशयात फुगा फुगवून केलेल्या मेंदूचित्रणांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत आयबीएसच्या रुग्णांमध्ये भावनिक उद्दीपनाशी आणि वेदनेच्या अंतर्गत नियमनाशी संबंधित भाग अधिक सातत्याने चेतवले जातात, असे त्यातून दिसले. या प्रकारच्या निष्कर्षांमुळेच ताण आणि वेदना यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, कारण दोघांचेही काम बऱ्याच अंशी त्याच पेशीसमूहांमधून चालते.

कपाळामागील बाहेरचा भाग आणि डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचे काही भाग मिळून कार्यकारी जाळे बनते. लक्ष दुसरीकडे वळवणे, अर्थ नव्याने लावणे, घाईची प्रतिक्रिया रोखणे ही त्याची कामे. अखेरचे म्हणजे विश्रांतीतील जाळे, ज्याचे वर्णन २००१ मध्ये मार्कस राइकल यांनी केले आणि जे आत्मचिंतनाच्या, आठवणींच्या व भविष्याच्या विचारांच्या वेळी कार्यरत असते. जुनाट वेदनेच्या अनेक प्रकारांत या विश्रांतीतील जाळ्याचे इतर जाळ्यांशी असलेले संबंध बदललेले आढळतात. वेदना स्वतःविषयीच्या विचारांत कायमची मिसळून जाते, या रुग्णांच्या अनुभवाशी ते सुसंगत आहे, पण एवढ्यावरून कार्यकारणाचा दावा करणे घाईचे होईल.

ताण आला की पोट लगेच का बिघडते?

कारण ताणाचा प्रतिसाद पचनसंस्थेला वळसा घालून जात नाही. हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ हे रसायन सुटते, त्याच्या प्रभावाने मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक स्रवते आणि त्यामुळे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात येते. सीआरएफची रासायनिक ओळख १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या प्रयोगशाळेत पटली. पुढे लक्षात आले की हे रसायन केवळ संप्रेरकांची साखळी सुरू करून थांबत नाही, तर मेंदूच्या इतर भागांत आणि खुद्द आतड्यातही काम करते. प्राण्यांमध्ये ते मेंदूत सोडले असता जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या सकाळी जेवण जात नाही आणि शौचालयाला मात्र वारंवार जावे लागते, यामागे हीच यंत्रणा आहे.

आतड्याच्या अस्तरावरही ताणाचा परिणाम होतो. बेल्जियममधील ल्युवेन येथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी विद्यार्थ्यांना लोकांसमोर बोलण्याचा ताण दिला, तेव्हा ज्यांचे कॉर्टिसॉल लक्षणीय वाढले त्यांच्या लहान आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून पदार्थ आरपार झिरपण्याचे प्रमाण, वाढलेली आढळली. मास्ट पेशींना स्थिर करणारे औषध आधी दिले असता हा परिणाम रोखला गेला. या मास्ट पेशी प्रतिकारसंस्थेचा भाग आहेत, आणि त्यांतून सुटणारी रसायने जवळच्या चेतातंतूंना अधिक संवेदनशील करतात. म्हणजे मेंदूत सुरू झालेला ताण आतड्यात जाऊन रासायनिक रूप घेतो आणि तिथून वेदनेचा संदेश होऊन परत मेंदूकडे येतो.

ताणाचा काळ संपला, तरी दुखणे का राहते?

ज्या घरात एकदा चोरी झाली आहे, त्या घरातला माणूस पुढे कित्येक महिने मांजराच्या पावलांनीही दचकून उठतो. त्याचे कान पूर्वीसारखेच असतात, पण आवाजाची दखल घेण्याची पातळी खाली आलेली असते. दीर्घ ताणानंतर चेतासंस्थेत असेच बदल घडतात, आणि ते निरनिराळ्या पातळ्यांवर दिसतात.

मज्जारज्जूतील चेतापेशी वारंवार चेतवल्या गेल्या की पुढे थोड्या संदेशालाही मोठा प्रतिसाद देऊ लागतात. हे संवेदनशीलीकरण मूळ कारण गेल्यावरही टिकू शकते. मेंदूतील बदल त्याहून गुंतागुंतीचे आहेत. सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दीर्घ ताणामुळे आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, तर अमिग्डलातील पेशींच्या शाखा वाढल्या. त्याच गटाच्या २००४ मधील प्रयोगात ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्वपदावर आला. अमिग्डलातील वाढ आणि तिच्यासोबतचे भयग्रस्त वर्तन मात्र तसेच राहिले. आठवण आणि नियमन यांच्याशी संबंधित भाग सावरतो आणि धोका हेरणारा भाग वाढलेलाच राहतो, ही विषमता ताण संपला तरी शरीराला ते पटत का नाही, याचे आजवरचे सर्वांत बोलके स्पष्टीकरण आहे.

याच्याशी जोडून पाहण्यासारखा आणखी एक प्रयोग २००१ मध्ये बेव्हरली ग्रीनवूड-व्हॅन मीरव्हेल्ड यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या अमिग्डलामध्ये थेट कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांतील ताणाचे संप्रेरक, ठेवले. आतड्याला हातही न लावता त्या उंदरांचे मोठे आतडे फुगवून ताणले जाण्याबाबत अधिक संवेदनशील झाले. आतड्यात बिघाड नसताना आतडे दुखू शकते का, या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर मिळणे कठीण आहे. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसांमध्ये असा प्रयोग करता येत नाही.

ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ पासून मांडलेली ॲलोस्टॅटिक भाराची कल्पनाही इथे उपयोगी पडते. बदलत्या परिस्थितीशी शरीर सतत जुळवून घेते, आणि ही जुळवणी वारंवार किंवा अखंड करावी लागली की तिचीच किंमत मेंदूला, हृदयाला व प्रतिकारसंस्थेला मोजावी लागते.

मेंदू वेदना कमीही करतो, हे खरे का?

खरे आहे. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मध्यमेंदूतील एका भागाला विद्युत उद्दीपन देऊन भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया करता येते, असे दाखवले. या भागाला पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात. तिथून निघणारे आदेश मेंदूस्तंभाच्या खालच्या भागातून मज्जारज्जूपर्यंत जातात आणि वर येणारे वेदनेचे संदेश तिथेच दाबतात किंवा वाढवतात. वाढवतात हा भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. मेंदूस्तंभात वेदना रोखणाऱ्या आणि वेदनेला वाट मोकळी करून देणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी आहेत, आणि पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे वरच्या जाळ्यांकडून येणाऱ्या आदेशांवर ठरते.

तातडीच्या मोठ्या संकटात वेदना काही काळ जाणवतच नाही, पण रोजच्या धास्तीत ती वाढते, या वरवर परस्परविरोधी अनुभवांचा उलगडा यातून होतो. आयबीएसच्या अनेक रुग्णांमध्ये एका वेदनेने दुसरी वेदना दबण्याची नैसर्गिक क्षमता कमी झालेली आढळली आहे.

दुखणे सुरू होण्याआधीच, नुसत्या विचारानेच पोट का दुखू लागते?

मेंदू संदेश येण्याची वाट पाहत बसत नाही. काय येणार याचा अंदाज बांधून तो आधीच तयारी करतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना थोड्याच वेळात मलाशय वेदना होईल इतके फुगवले जाईल अशी सूचना देऊन त्या प्रतीक्षेच्या काळातील मेंदूचे कार्य टिपले गेले. निरोगी स्त्रियांमध्ये त्या काळात इन्सुला, अमिग्डला आणि मेंदूस्तंभ यांचे कार्य मंदावत होते, जणू येणाऱ्या संदेशाची धार आधीच बोथट केली जात होती. आयबीएस असलेल्या स्त्रियांमध्ये ही मंदावण्याची क्रिया कमी होती, आणि ती जितकी कमी, तितका पुढचा प्रत्यक्ष प्रतिसाद मोठा होता.

म्हणूनच प्रवासापूर्वी, सभेपूर्वी किंवा जेवणाच्या ताटावर बसताना उठणारी कळ खोटी नसते. पण त्या कळेच्या भीतीने प्रवास, सभा आणि जेवण टाळत गेल्यास मेंदूचा अंदाज चुकीचा ठरण्याची संधीच त्याला मिळत नाही, आणि अंदाज पक्का होत जातो. या विशिष्ट भीतीला, म्हणजे पोटातील संवेदनांच्याच धास्तीला, संशोधनात स्वतंत्रपणे मोजले जाते, आणि लक्षणांच्या तीव्रतेशी तिचा संबंध सर्वसाधारण चिंतेपेक्षा अधिक जवळचा आढळतो.

आधी काय बिघडते, मेंदू की आतडे?

दोन्ही दिशांचे पुरावे आहेत. ऑस्ट्रेलियात १२ वर्षे पाठपुरावा केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला चिंता अधिक असलेल्यांना पुढे पोटाचे कार्यात्मक विकार होण्याची शक्यता जास्त आढळली; त्याचबरोबर सुरुवातीला फक्त पोटाचा विकार असलेल्यांमध्ये पुढे चिंता आणि नैराश्य वाढलेले आढळले. जनुकीय अभ्यासही सामायिक मुळांकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये आयबीएसच्या ५३,४०० रुग्णांच्या माहितीवरून जनुकसंचातील सहा ठिकाणे निश्चित झाली, आणि त्यांपैकी बरीच चिंता व मनोवस्थेच्या विकारांशीही संबंधित निघाली.

आतड्याकडून होणारी सुरुवात संसर्गानंतर सर्वांत स्पष्ट दिसते. जुलाब-उलट्यांच्या जिवाणूजन्य किंवा अन्य संसर्गातून उठल्यावर साधारणतः दहापैकी एका व्यक्तीला आयबीएसची लक्षणे जडतात, आणि आजारपणाच्या वेळी चिंता किंवा नैराश्य असेल तर ही शक्यता वाढते. संसर्ग ठिणगी टाकतो आणि मेंदूची तेव्हाची अवस्था ती विझेल की धुमसत राहील, यावर प्रभाव टाकते.

आतड्यातील जिवाणूंचा यात किती वाटा आहे?

वाटा आहे, पण बाजारात जितका सांगितला जातो तितका अजून सिद्ध झालेला नाही. जिवाणूंनी तयार केलेली रसायने आतड्यातील चेतातंतू, प्रतिकारसंस्था आणि ताणाची संप्रेरके यांच्यावर परिणाम करतात, हे प्राण्यांमध्ये चांगले दाखवले गेले आहे.

बालपणी सोसलेल्या ताणाचा संबंध असतो का?

असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवलेली उंदरांची पिल्ले मोठेपणी मोठे आतडे फुगवून ताणले असता अधिक तीव्र प्रतिसाद देतात, आणि त्यांची ताण-संप्रेरकांची यंत्रणाही सहज भडकते. माणसांमध्ये बालपणीचा छळ, हिंसा किंवा उपेक्षा आणि प्रौढपणीची आयबीएस यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. मात्र असे बालपण वाट्याला आलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार होत नाही, आणि आजार असलेल्या पुष्कळांचे बालपण सुखाचे गेलेले असते. भूतकाळात काहीतरी दडलेले असलेच पाहिजे, अशा गृहीतकाने रुग्णाला खोदून विचारणे गैर आहे.

मूत्राशयाच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्यालाही हेच लागू पडते का?

बऱ्याच अंशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये एमएपीपी हे संशोधनजाळे सुरू केले, आणि त्यात मूत्राशय व पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) यांच्या जुनाट वेदनेचा अभ्यास केवळ त्या अवयवापुरता न ठेवता संपूर्ण शरीर आणि मेंदू यांच्या संदर्भात केला गेला. रुग्णांच्या एका गटाला फक्त ओटीपोटात दुखत होते, तर दुसऱ्या गटाला अंगभर अनेक ठिकाणी. या दुसऱ्या गटाच्या मेंदूतील बदल फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखणाऱ्या जुनाट आजाराच्या रुग्णांशी मिळतेजुळते होते. आयबीएस, मूत्राशयाची वेदना, अर्धशिशी आणि फायब्रोमायल्जिया एकाच व्यक्तीत वारंवार एकत्र का दिसतात, हे यातून समजते. केवळ दुखणारा अवयव काढून टाकल्याने वेदना जाईल अशी आशा अशा वेळी सहसा फोल ठरते.

स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक का?

स्त्री-संप्रेरकांचा वेदनेच्या मार्गांवर आणि ताणाच्या प्रतिसादावर परिणाम होतो, आणि मासिक पाळीच्या दिवसांत अनेक स्त्रियांची लक्षणे वाढतात. मेंदूच्या प्रतिसादातही स्त्री-पुरुष फरक नोंदवले गेले आहेत. भावनिक उद्दीपनाशी संबंधित भागांत ते अधिक आढळतात. दवाखान्यात कोण जाते आणि कोणाचे ऐकले जाते, या सामाजिक गोष्टींचाही आकड्यांत वाटा असतो.

मेंदूचा एमआरआय काढला, तर निदान होईल का?

होणार नाही, आणि त्यासाठी पैसे खर्चू नयेत. वर सांगितलेले सर्व निष्कर्ष गटांच्या सरासरीवर आधारलेले आहेत. एका गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा वेगळी असली तरी दोन्ही गटांतील व्यक्ती एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की एका चित्रावरून ही व्यक्ती रुग्ण आहे की नाही हे सांगता येत नाही. अनेक अभ्यासांतील गट लहान आहेत, आणि मेंदूच्या करड्या द्रव्यातील बदलांबाबत तर वाढ की घट, यावरही एकवाक्यता नाही.

मेंदूचे चित्र सुधारले म्हणून माणूस बरा होतोच असेही नाही. सीआरएफचा परिणाम रोखणारी औषधे प्राण्यांत आशादायक ठरली, त्यांपैकी एकाने आयबीएसच्या रुग्णांमधील भावनिक जाळ्याचा प्रतिसाद कमी केल्याचेही दिसले, पण या वर्गातील औषधांचा लक्षणांवर अपेक्षित फायदा मानवी चाचण्यांत मिळाला नाही. जाळी एकमेकांत इतकी गुंतलेली असताना एक दोरी ओढून सगळे सुटेल, ही अपेक्षाच बहुधा भाबडी होती.

मला नैराश्य नाही, तरी डॉक्टरांनी नैराश्याची गोळी का दिली?

कारण नॉरॲड्रिनलिन आणि सिरोटोनिन ही रसायने मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वेदना-नियंत्रक मार्गांतही काम करतात, आणि ही औषधे त्या मार्गांना बळ देतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ॲटलांटिस चाचणी या बाबतीत महत्त्वाची आहे. तीत ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील जुने औषध १० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे ३० मिलिग्रॅमपर्यंत सहा महिने दिले गेले. नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा पुष्कळ कमी आहे. आयबीएसची लक्षणे औषधाच्या गटात अधिक सुधारली, पण चिंता आणि नैराश्याच्या मोजमापांत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. म्हणजे औषधाने पोटाला फायदा दिला तो मनोवस्था सुधारून नव्हे.

तोंड कोरडे पडणे, गुंगी आणि बद्धकोष्ठता हे त्याचे सामान्य दुष्परिणाम आहेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण नाही म्हणून औषध सोडून देण्याची घाई करू नये, तसेच ते स्वतःहून वाढवूही नये.

तीव्र वेदनाशामके घेतली तर?

अफूपासून बनलेली किंवा तिच्यासारखी काम करणारी वेदनाशामके या दुखण्यात दीर्घकाळ घेणे टाळावे. ती आतड्याची हालचाल मंदावतात, आणि काही रुग्णांत दीर्घ वापराने वेदनेची संवेदनशीलताच वाढते. मग मात्रा वाढते, दुखणेही वाढते. आधीपासून चालू असतील तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागतात.

समुपदेशनाने किंवा संमोहनाने पोट कसे बरे होईल?

ज्या जाळ्यांमधून वेदना वाढते त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग गोळीच असला पाहिजे असे नाही. बोधात्मक वर्तन उपचारात संवेदनांचा लावला जाणारा भयावह अर्थ तपासणे, टाळाटाळ हळूहळू कमी करणे आणि ताण हाताळण्याच्या पद्धती बदलणे यांवर भर असतो. ब्रिटनमध्ये ५५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हा उपचार दूरध्वनीवरून किंवा संकेतस्थळाच्या माध्यमातून दिला गेला, आणि एक वर्षानंतर लक्षणांत केवळ नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारणा आढळली. या सर्व रुग्णांवर आधी इतर उपचार होऊन गेले होते आणि त्यांचा पुरेसा उपयोग झालेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आतड्यावर केंद्रित संमोहनाची पहिली नियंत्रित चाचणी मँचेस्टर येथील पीटर व्होरवेल यांच्या गटाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि नंतरच्या चाचण्यांनी त्याला पाठबळ दिले. रंगमंचावरील संमोहनाशी त्याचा संबंध नाही. शिथिल अवस्थेत आतड्याच्या संवेदना आणि हालचाल यांविषयीच्या सूचना आठवड्यामागून आठवडे दिल्या जातात. संमोहनातील सूचनांनी वेदनेची अप्रियता बदलली की सिंग्युलेट पट्ट्याचे कार्यही त्यानुसार बदलते, हे १९९७ मध्ये पिएर रेनव्हिल यांनी दाखवले होते.

संथ, खोल श्वसन यापेक्षा कितीतरी साधे आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेत आम्ल सोडून वेदना निर्माण करण्याच्या प्रयोगात अशा श्वसनाने वेगसचा प्रभाव वाढला आणि अन्ननलिकेची संवेदनशीलता वाढण्याचे टळले. आजारावर तो संपूर्ण उपचार नाही, पण दुखण्याच्या झटक्यात तो हाताशी असतो.

या सगळ्याच्या तुलनेत टेन्शन घेऊ नका हा सर्वांत लोकप्रिय सल्ला पूर्णपणे निरुपयोगी आहे. अमिग्डला आदेश ऐकत नाही, आणि सल्ला पाळता आला नाही म्हणून येणारी अपराधीपणाची भावना हा आणखी एक ताण होतो.

हे दुखणे पूर्णपणे जाते का?

काहींचे जाते, बहुतेकांचे कमीजास्त होत राहते, आणि काहींमध्ये आयबीएसची जागा काही काळाने अपचनासारखा दुसरा विकार घेतो. म्हणून उपचाराचे यश आज दुखले का, यापेक्षा झटक्यांमधील अंतर, त्यांची तीव्रता आणि दुखण्यामुळे सोडून द्याव्या लागलेल्या गोष्टी यांवरून मोजणे अधिक योग्य ठरते. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश चाचणीतील रुग्णांना दोन वर्षांनी पुन्हा पाहिले असता उपचार घेतलेल्या गटांतील सुधारणा बरीचशी टिकून होती, मात्र केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटाशी असलेला फरक तोवर कमी झाला होता. ज्यांची लक्षणे परततात त्यांना बहुधा त्याच उपचाराची काही सत्रे पुन्हा घेण्याचा किंवा औषध काही महिने पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.